कुंचीच्या काठाचे काळे मणी

प्रिय अक्का,

आज सकाळी रंजूच्या सासूबाई येऊन गेल्या. त्या जे बोलल्या ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. कुसुमला सांगून झालं. ती म्हणाली, झालं ते झालं, उद्या बारसं आहे, मला कामं आहेत. मग राहिलं कोण? सकाळपासून खोलीत येरझाऱ्या घालतोय. शेवटी रंजूनंच हा कागद पुढे केला. म्हणाली, बाबा, आत्यालाच लिहा, म्हणजे तुमचं चालणं थांबेल आणि माझं बाळ तरी झोपेल.

म्हणून लिहितोय. माझी शाळा चौथीत सुटली, हे तुला कोणी सांगायला नको. तूच मला बाराखडी गिरवायला बसवायचीस. तेव्हा चुकलंमाकलं पदरात घे.

आधी चांगली बातमी. मुलगी झाली. बाळंतपण नीट पार पडलं. बाळाचं कपाळ आपल्या आईसारखं आहे असं मला वाटतं, कुसुमला वाटत नाही. तू असतीस तर तुझं काय मत पडलं असतं? तू तर हॉस्पिटलात इतकी बाळं न्हाऊ घातलीस की नुसत्या नाकाच्या शेंड्यावरून घराणं सांगायचीस.

आता कुंचीचं सांगतो. तुझा जीव त्यातच अडकला असेल.

तू गेलीस त्या दुपारी कुंचीच्या काठाची ती लेस तुझ्या उशाशी बिस्किटाच्या डब्यात होती. तू म्हणालीस, जरा पाठ टेकते, चहाला उठव. मी चहाला उठवायला आलो. त्यापुढचं लिहीत नाही. लोक जमले, गावाकडची माणसं आली, दिवस झाले, आणि तो डबा तसाच कपाटावर राहिला. रंजूला तेव्हा आठवा उतरत होता. ती रडत रडत एकच म्हणत होती, आत्याची कुंची राहिली.

मी डबा उघडला तेव्हा लेसचा शेवटचा कोपरा तेवढा राहिला होता. एक कडी अर्धवट होती आणि तिच्या खाली तुझी होडी लोंबत होती. टॅटिंगच्या, म्हणजे गाठी मारून लेस करायच्या, त्या दोरा गुंडाळलेल्या शटलला तू होडी म्हणायचीस, आम्ही पण म्हणायला लागलो. त्या अर्धवट कडीचा दोरा मला सैल दिसला. वाटलं, आता गळून पडेल, मणी सांडतील. अक्का, जन्मभर लोखंड बाजारात ट्रकावर माल बांधला. दोर सैल दिसला की माझा हात थांबत नाही. मी तो दोरा ओढला.

सर्रकन ती कडी मिटली. एक पांढरा मणी तू गाठीत बसवलेला होता, मागचे काळा आणि पांढरा अजून मोकळे होते. ते दोन्ही एकमेकांच्या अंगावर जाऊन बसले. बाकीच्या कड्या गोल गरगरीत, आणि ही एक वाटाण्याएवढी. मी नखानं उकलायला गेलो, सुईनं गेलो. हलेना. कुसुम स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "वन्सं गेल्या तरी तुम्ही त्यांच्या डब्यात हात घालायचं सोडू नका."

खरंच होतं ते.

पण मणी तर मीच ओवलेले होते ना. सगळे मी. तुझ्या या कामात मणी आधी दोऱ्यात ओवायचे, मग तो दोरा होडीवर गुंडाळायचा. एकदा काम सुरू झालं की मागून मणी घालता येत नाही. म्हणून तू आधी सगळी लेस मनात करायचीस आणि मला सांगायचीस. पांढरा, काळा, पांढरा. पुन्हा पांढरा, काळा, पांढरा. मी गॅलरीत बसून दोऱ्याच्या टोकाला साबण लावून ते कडक करायचो आणि ओवत जायचो. मला सारखी धास्ती, कमी पडले तर? म्हणून जास्तच ओवायचो. तू म्हणायचीस, सदानं ओवलेत म्हणजे मूठभर उरणार, गुंडाळताना होडीचं पोट फुगणार. आणि तसंच व्हायचं.

एक गोष्ट मला आता खायला उठते. तू म्हणायचीस डोळ्याला दिसत नाही, तू ओव. पण त्याच डोळ्यांनी तू तांदळातला खडा टिपायचीस. शेजारणीच्या पोराच्या बोटातलं कुसळ काढायचीस. मग काळे मणीच तेवढे दिसत नव्हते का? कुसुमचं मंगळसूत्र तुटलं होतं तेव्हा तू ओवायला नको म्हणालीस, आठवतं? सोनाराकडे दे म्हणालीस. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आता इतकं वाटतंय की ताटावर बसलो तरी तेच. डोळ्याचं निमित्त होतं का, अक्का? की मी उगाच मागचं उकरतोय?

असो. मूळ गोष्ट सांगतो, नाहीतर भरकटेन.

लेस पुरी कोण करणार? वाशीच्या लोकरीच्या दुकानात गेलो. ती बाई म्हणाली, आम्ही क्रोशा करतो, हे आता कोणी करत नाही. मग मला त्रेसा सिस्टर आठवली. तुझ्या वॉर्डातली, जिनं तुला रात्रपाळीत हे काम शिकवलं ती. तीही आता वाशीलाच असते, पुतण्याकडे. बस धरली, हातात डबा. वाटभर डबा मांडीवर घट्ट धरून बसलो. कंडक्टर म्हणाला, काका, काय बॉम्ब आहे का? तुला सांगतो, मला हसू पण आलं नाही.

सिस्टरनं दार उघडलं. तू गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ऐकून खुर्चीत बसली. मग लेस हातात घेतली, चष्मा वर करून डोळ्याजवळ नेली. त्या छोट्या कडीवर तिचं बोट थांबलं. म्हणाली, "द्वारकाबाईंनी असं कधी केलं नसतं. कोणी खेचलं हे?"

मी म्हटलं, मी.

"अरे बाबा, ट्रकचा माल आहे का हा?"

मी विचारलं, उघडता येईल का? ती म्हणाली, आता उघडत नाही. जोर लावशील तर दोरा तुटेल, मग पोरीला कुंची नाही आणि मला म्हातारीला खाटेखाली मणी शोधायचं काम. राहू दे. पुढे चल.

मी म्हटलं, तुम्ही करून द्या. तिनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हलत होते, अक्का. चहाचा कप धरवत नाही तिला. म्हणाली, मी सांगते, तू कर. मला वाटलं चेष्टा करते. चेष्टा नव्हती. पुढचे कितीतरी दिवस मी जेवून वाशीला जायचो आणि दिवेलागणीला परत. आधी साध्या दोऱ्यावर शिकलो. बोटाला फेरा घ्यायचा, होडी खालून एकदा, वरून एकदा, मिळून एक गाठ. दिसायला दोर बांधण्यासारखं. पण गंमत अशी की गाठ होडीच्या दोऱ्याला बसता कामा नये, हातावरच्या दोऱ्याची बसली पाहिजे, तरच ती सरकते आणि कडी मिटते. माझी गाठ सारखी उलटीच बसायची. सिस्टर म्हणायची, होडीचा दोरा ताठ धर, हात सैल सोड. मी हात ताठ धरायचो आणि दोरा सैल सोडायचो. माझा स्वभाव म्हण, दुसरं काय!

आणि मणी विसरायचो. कडी सुरू करायच्या आधी त्या कडीचे तीन मणी हातावरच्या फेऱ्यात घ्यायला लागतात. मी कडी अर्धी करायचो, मग आठवायचं, आणि मणी होडीजवळच बसलेले! मग सगळं उकला. सिस्टर हसायची. तुझ्या गोष्टी सांगायची. म्हणाली, वॉर्डातल्या बायका बाळ न्हाऊ घालायला आयाबाई आली की विचारायच्या, द्वारकाबाई आहेत का? त्यांच्याच हातात द्या. तुझ्या हातून बाळ घ्यायला कोणाला कधी काही वाटलं नाही.

कळंबोलीला घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कारण मला डोहाळजेवणाचा दिवस आठवला.

कोपरा पुरा झाला. त्या चार कड्या माझ्या आहेत. तुझ्यासारख्या नाहीत, जरा वाकड्या आहेत, पण गोल आहेत. कुसुमनं लेस कुंचीला शिवली, रिठ्याच्या पाण्यात धुतली. शिवताना डोळे पुसत होती. मी बघितलं तर म्हणाली, कांदा चिरला मघाशी.

एवढं झालं तरी माझी घालमेल संपेना. कुंची तयार, पण बाळाच्या डोक्यावर घालायची कशी? विहीणबाई काय म्हणतील? म्हणतील का, की बाई गेलेली, त्यातून विधवा, तिच्या हातचं अर्धं राहिलेलं काम, आणि ते पहिल्या बाळाला? डोहाळजेवणाला त्यांनी तुला सांगितलं होतं, अक्का, तुम्ही बसा, दमला असाल. सगळ्या सवाष्णी रंजूची ओटी भरत होत्या आणि तू आत पुऱ्या तळत होतीस. आम्ही त्याचा अर्थ लावला. मी लावला, कुसुमनं लावला. रंजूनं तर त्या रात्री सासूशी बोलणं टाकलं होतं. तू म्हणालीस, अगं, पुऱ्या करपल्या असत्या, बोल त्यांच्याशी.

म्हणून मी काय केलं, ऐक आणि रागावू नकोस. पनवेलला जाऊन सॅटिनची एक कुंची विकत आणली. गुलाबी, चकचकीत. कपाटात कपड्यांखाली लपवली. विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं तर ही पुढे करायची. कुसुमला ठाऊक नव्हतं. रंजूला तर नाहीच, तिनं माझी हजेरीच घेतली असती. ती पहिल्यापासून म्हणतेय, आत्याचीच घालायची, ज्याला बघवत नाही त्यानं बारशाला येऊ नये. तिचा आवाज तुझ्यावर गेलाय. माझा कोणावर गेलाय कोण जाणे.

आज सकाळी विहीणबाई बारशाचं ठरवायला आल्या. बाळाला घेतलं, दूध नीट पितं का विचारलं, पाळणा कुठे टांगणार ते बघितलं. मग गॅलरीत गेल्या. आणि दोरीवर तुझी कुंची वाळत होती. कुसुमनं आत घ्यायला पाहिजे होती. मी घ्यायला पाहिजे होती. रात्री हवेतली लोखंडाची धूळ तिच्यावर बसली, म्हणून झटकून पुन्हा दोरीवर लावली होती ती मीच.

त्यांनी ती दोरीवरून काढली. बोटांनी काठ चाचपत म्हणाल्या, किती नाजूक आहे, कोणी केली?

कुसुम म्हणायला लागली, बाहेरून... आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या अक्कानं केली. शेवटचा कोपरा राहिला होता, तो मी केला."

रंजू बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली, भांडायच्या तयारीत. विहीणबाईंनी एकेक मणी दोन बोटांत धरून ओढायला सुरुवात केली. पांढरा ओढला, काळा ओढला. मला कळेना काय चाललंय. त्या म्हणाल्या, मणी घट्ट आहेत ना? बाळ सगळं तोंडात घालतं.

अक्का, एवढे दिवस मी नको नको त्या गोष्टींनी झोप घालवली आणि ही खरी धास्ती माझ्या डोक्यातच आली नाही! बाळाच्या घशात मणी! माझ्या चार कड्यांवर त्यांचा हात आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यांनी चांगला हिसका दिला. काही हललं नाही. म्हणाल्या, दोऱ्यातच ओवलेले आहेत वाटतं, वरून शिवलेले नाहीत. मी म्हटलं, होय, आधीच ओवतात. म्हणाल्या, मग जात नाहीत. पण झोपवताना काढत जा, डोक्याला टोचतील.

एवढंच! आणि मी कपाटाकडे बघत उभा.

पण ज्यासाठी लिहायला बसलो ते पुढेच आहे. चहा घेताना त्या म्हणाल्या, तुमच्या अक्का फार मागे मागे राहायच्या. डोहाळजेवणाला मी ओटीचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते, पहिली ओटी त्यांच्या हातून भरावी म्हणून. रंजू म्हणायची ना, आत्यानं मला वाढवलं. पण त्या म्हणाल्या, पुऱ्या करपतील. मला वाटलं, तुमच्या घरात चालत नसेल. तुमची माणसं साताऱ्याकडची, तुमच्यातली रीत मला काय ठाऊक? उगाच त्यांना अवघड व्हायला नको म्हणून मी म्हटलं, तुम्ही बसा.

मी म्हटलं, तुमच्याकडे चालतं?

त्या म्हणाल्या, "माझी ओटी माझ्या सासूबाईंनी भरली भाऊ, आणि मामंजी तर मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले. आमच्याकडे कोण काय म्हणणार?"

कुसुमच्या हातातली बशी वाजली. रंजू बाळाला घेऊन आत निघून गेली. मी चहा तसाच ठेवला.

बघ ना अक्का. त्यांना वाटलं आमच्यात चालत नाही. आम्हाला वाटलं त्यांच्यात चालत नाही. दोन्हीकडची माणसं एकमेकांचा मान राखत बसली, आणि मधल्या मधे तू चुलीशी. कोणाचा हट्ट नव्हता, कोणाची हरकत नव्हती. कोणी तोंड उघडून विचारलं नाही, एवढंच. आता याचा राग मी कोणावर काढू? विहीणबाईंवर काढायचा म्हणून किती दिवस साठवून ठेवला होता, तो पण त्या घेऊन गेल्या.

तुझ्यावर काढू का? थोडा तरी काढतो. तू का नाही म्हणालीस त्यांना? ताट दारात आलं होतं ना तुझ्या? पुऱ्या जळल्या असत्या तर जळल्या असत्या, ट्रकवाल्यांच्या खानावळीतून आणल्या असत्या. तुला आमची भीती वाटली का? सदाला कानकोंडं होईल, कुसुमच्या माहेरची बोलतील, असं वाटलं का? की इतकी वर्षं मागे सरायची सवय लागली होती आणि पाय आपसूक मागे गेले? रंजूच्या बारशाला पण तू अशीच कोपऱ्यात होतीस. सख्खी आत्या घरात, आणि रंजूच्या कानात नाव सांगायला शेजारची बाई बोलावली. तेव्हा आपली आई होती, तिनं ठरवलं. पण आई गेल्यावर? नंतर कोण ठरवत होतं? तुला हवं होतं की नको होतं? वॉर्डात परक्यांची बाळं छातीशी धरून चालायचीस, आणि घरात पाळण्याला हात लावायच्या वेळी तुला कुठून तरी काम आठवायचं.

विचारायला पाहिजे होतं. मी दिवसातून शंभर प्रश्न विचारतो, कुसुम कानावर हात ठेवते. गॅस बंद केला का, कडी लावली का, पाण्याची टाकी भरली का. हा एक प्रश्न मात्र कधी विचारला नाही. आता तुझ्याकडून उत्तर येणार नाही, आणि मला ते ऐकल्यावाचून राहवत नाही, असं होऊन बसलंय.

सॅटिनची कुंची मी मघाशी कपाटातून काढून रंजूच्या हातात दिली. म्हटलं, झोपवताना आत्याची काढून ही घाल, तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, मणी टोचतील. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा, तुम्ही पण ना. एवढ्यावर सुटलो.

उद्या बारशाला तुझीच कुंची. ते आता नक्की झालं, त्याची काळजी सोड.

पण मला अजून एक बोच लागलीय. आमच्या तळमजल्यावर शेवंताबाई राहतात. तुला माहीत आहेत, संध्याकाळी जिन्यात तुमचं बोलणं चालायचं. त्यांचे मालक गेल्या वर्षी अपघातात गेले. कुसुमनं सगळ्या बिल्डिंगला बोलावणं केलं आणि त्यांच्या घरी सुनेला तेवढं सांगितलं. मी विचारलं, शेवंताबाईंना? तर म्हणाली, त्यांनाच आवडणार नाही, कशाला अवघडवायचं. आणि मी मान हलवली होती, अक्का. परवाच. आज सकाळच्या आधी.

आता हे लिहून झालं की मी उठून खाली जाणार आहे. कुसुमला विचारणार नाही, ती चपला घाला म्हणेल आणि मागनं ओरडेल. शेवंताबाईंच्या दारात उभा राहून नीट मोठ्यानं सांगणार, उद्या बारसं आहे, तुम्ही यायचं, आणि आमच्या नातीला पाळण्यात तुम्ही ठेवायचं. त्या नको म्हणाल्या तर म्हणू देत. काम आहे म्हणाल्या, गुडघे दुखतात म्हणाल्या, तर मी जिन्यावर बसून राहीन आणि पुन्हा विचारीन. नको असेल तर ते त्यांच्या तोंडून ऐकूनच वर येईन. त्यांच्या वतीनं मी आता नको म्हणणार नाही. एवढं तुला कबूल करतो.

तुझा धाकटा,
सदा